जवायाची चूक

आमच्या घरच्या माणसाले रेडिओतलं सगळं समजते, माणसातलं काहीच समजत नाई, असं मी लग्न झाल्या-झाल्याच म्हटलं होतं. तवा सगळे हसले होते. आता कोनी हसलं तर मी त्याले उठून जाब विचारीन.

माहं नाव मैना. आमचे हे म्हणजे सूर्यभान ढोके. अमरावतीत राजकमल चौकाच्या मागच्या गल्लीत त्याईचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान हाय. रेडिओ गेले, टेप गेले, शेजारच्या दुकानाईत मोबाईलचे कव्हर लटकून राहिले, पण हे आपले तिथंच. देवळाचे भोंगे, वरातीचे अ‍ॅम्प्लिफायर, कापसाच्या जिनिंगवाल्याईचे वॉकीटॉकी, जे येईन ते उघडतात. आणि उघडाच्या आधी ऐकतात. मीटर बाजूले राह्यलं, हे पहिले स्पीकरले कान लावतील, डोळे मिटतील, आणि मंग एखाद्या वैद्यानं नाडी पाहून सांगावं तसं सांगतील, "कंडेन्सर गेला याचा." आणि बाप्पा, खरंच तोच गेलेला निघते! गिऱ्हाईक तोंडात बोट घालते. यायची छाती फुगते.

"मी कानानं दुरुस्त करतो, कागदानं नाई," हे त्याईचं पालुपद. घरात मात्र मीठ संपलं हे तीनदा सांगतलं तरी त्या कानात जात नाई, ते वेगळं.

तर या कानाचा त्याईले माज होता. चांगला माणूस, निर्व्यसनी, कोनाच्या अध्यात ना मध्यात. पण माज होता. मी बायको हाय म्हणून झाकून ठेवाची नाई.

माहं माहेर खारी धानोरा. चांदूर बाजारच्या वरच्या अंगाले, मेळघाटच्या पायथ्याशी. गावाजवळून खारी नदी जाते. तिची सवय वाईट हाय. पाऊस पडते वर डोंगरात, आणि पूर येते खाली गावात. आमच्या डोक्यावर ऊन असते, बाया गोधड्या वाळू घालून राह्यलेल्या असतात, आणि नदी एकदम लाल होऊन येते. मोबाईलचं तर नावच काढू नका. लाईन गेली की टॉवर जाते, आणि ढग दिसला की लाईन जाते.

म्हणून गावानं पहिलेपासून वायरलेसचे दोन सेट ठेवले होते. एक वर डोंगरातल्या चौकीवर, एक खाली आमच्या प्रार्थना मंदिरात. वर एक म्हातारा बसे. पाणी चढलं की तो सेटवर बोले, आणि खाली केशरबाई ऐके. केशरबाई म्हणजे मंदिराच्या मागच्या खोलीत राहणारी बाई. लेकरूबाळ नाई, नवरा केवढ्या वर्षांपूर्वी गेला. मंदिर झाडून काढाचं, दिवा लावाचा, सतरंज्या टाकाच्या, आणि सेट सांभाळाचा. तेच तिचं घर, तेच तिचं काम.

आमच्या गावात रोज दिवेलागणीले सामुदायिक प्रार्थना होते. टोप्या घालून लोक ओळीनं बसतात, शेवटी मौन असते, माशी उडाली तरी ऐकू येते. त्या वेळेत केशरबाई सेटचा आवाज अगदी बारीक करे आणि दाराशी बसून सेटले कान लावून ठेवे. सगळं गाव प्रार्थनेले बसलेलं, आणि ही एकटी दाराशी, मांडीवर सेट घेऊन. मी लहानपणापासून तिले तसंच पाह्यलं. मोझरीले महाराजाईच्या समाधीले पायी जाणारी बाई, पण आपल्याच मंदिरात ओळीत बसाले तिले भेटत नसे.

गेल्या उन्हाळ्यात वरचा म्हातारा थकला. त्याच्या जागी डोंगरात जाऊन बसाले कोनी तयार होईना. माहा भाऊ नितेश मंदिराच्या मंडळाचा अध्यक्ष हाय. तो अमरावतीले आला आणि यायले म्हणाला, "भाऊजी, माणसाबिगर चालन असं काही करता येते काय?"

"काहून नाई येत?" हे म्हणाले. "मोडेम चिप बसवू."

मंग काय, घरात दुसरं बोलणंच नाई. मले भाजी चिरता चिरता सगळं समजावून सांगतलं. चौकीजवळ नदीत एक पाईप उभा कराचा, त्यात तरंगा सोडाचा. पाणी चढलं की तरंगा चढन. सेटमधली चिप त्याचा आकडा करन, त्या आकड्याचा चिरचिर आवाज करन, आणि तो आवाज सेट हवेतून खाली फेकन. खालच्या सेटमधली चिप त्या चिरचिरीतून पुन्हा आकडा काढन. आकडा जास्त निघाला की आपोआप भोंगा वाजन. बोलणारा नको, ऐकणारा नको. अकोल्याच्या भंगार बाजारातून चांगले चालते सेट आणले, चिपा कुरिअरनं मागवल्या. नखाएवढी वस्तू! तिच्यासाठी हा माणूस जेवण विसरला.

चिपवाल्याईनं संग माहितीचं पुस्तक देल्लं होतं. त्यात साफ सांगतलं होतं की खालच्या सेटमध्ये चिपची तार आवाजाच्या बटणाच्या आधी जोडा. म्हणजे बटण कमी करा, जास्त करा, चिपले फरक पडत नाई. त्यासाठी सेट पुरा खोलून आतल्या पट्टीवर एक तार कथलानं डागाची होती. यायनं ते वाचलंही. आणि बाजूले ठेवलं. तार जोडली ती स्पीकरवर, बटणाच्या नंतर. काहून? तर तिथं यायले आवाज ऐकू येते! कानाले ऐकू आलं म्हणजे चिपलेही ऐकू आलं. जन्मभर स्पीकरवरच काम केलेला माणूस, त्याले दुसरं खरंच वाटत नाई.

पण बटण कमी झालं की चिपले ऐकू येणार नाई, हे यायले समजत नव्हतं असं नाई. समजत होतं. म्हणून तर माही लाल नेलपॉलिश मागून नेली आणि बटणावर ठिपका देल्ला.

"हे कायले?" मी विचारलं.

"बटण इथंच राह्यलं पाहिजे. म्हणून खूण."

"मंग ते तारेचंच नीट करा ना."

"तुले काय समजते त्यातलं?"

मी बाटली परत घेतली आणि आत गेली.

सेट बसवला त्या दिवशी गावात सणच होता. जवाई म्हणजे आमच्याकडं गावाचा जवाई असते, एका घराचा नाई. त्याले पाटावर बसवतात, पहिला घास त्याचा, आणि त्याच्यात खोट काढाची नाई, हा नियम. भाजी खारट झाली तर जवाई म्हणन बरी हाय, आणि जवाई चुकला तर गाव म्हणन आमचंच चुकलं. यायनं केशरबाईले समोर बोलावलं. "मावशी, या ठिपक्यावर बटण राहू द्या. आता तुमाले कान लावाची गरज नाई. आता मशीन ऐकते. तुमी निवांत प्रार्थनेले बसा." काहून राहू द्यावं ते नाई सांगतलं. केशरबाईनं हात जोडले. तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं. मले तवा वाटलं, माह्या नवऱ्यानं केवढं पुण्य केलं.

भादव्यात ते झालं. दिवेलागणीची वेळ, आभाळ मोकळं, प्रार्थना सुरू. बुधाजी तायडे नदीच्या पलीकडून बकऱ्या घेऊन घरी येऊन राह्यला होता. रोजचीच वाट, रोजचंच घोट्याएवढं पाणी. भोंगा वाजला नाई. वाजला असता तर तो पलीकडंच थांबला असता. मधोमध आला आणि लोंढा आला. बकऱ्या गेल्या, सगळ्या. बुधाजी एका बाभळीले अडकला म्हणून वाचला, पण मांडीचं हाड मोडलं. त्याच्या आरोळ्या ऐकून लोक प्रार्थनेतून उठून पळाले.

रात्रीच नितेशनं निरोप धाडला. सकाळी हे आणि मी पहिल्या एसटीनं गेलो. मंदिरात लोक जमले होते. यायनं सेट पाह्यला, ठिपका पाह्यला. बटण बरोबर ठिपक्यावर होतं. वर चौकीवर माणूस धाडून तरंगा हलवून पाह्यला, तर भोंगा वाजला, चांगला वाजला. सगळे एकमेकाच्या तोंडाकडं पाहाले लागले.

तवा केशरबाई उठली. कोनी विचारलंही नव्हतं. म्हणाली, "काल प्रार्थनेले बसताना मी आवाज बंद केला होता. रोजच करत होती. ते चिरचिर मौनात बरी नाई वाटत. मशीन ऐकते म्हणे, तर माणसाईले कायले ऐकवाचं, असं वाटलं मले. प्रार्थना झाली की पुन्हा ठिपक्यावर ठेवत होती."

लोक एकदम तिच्यावर तुटून पडले. "जवायानं खूण करून देल्ली होती! एवढंही सांभाळता येत नाई?" "आंधळी झाली काय?" "हिच्या पायी बुधाजी मेला असता!" कोनी म्हणे हिच्याकडून मंदिराची चावी घ्या, कोनी म्हणे खोलीच खाली करा. केशरबाई खाली पाहून उभी. तिनं एकदाही म्हटलं नाई की जवायानं मले मशीन ऐकते असं सांगतलं होतं. जवायाचं नाव कसं घ्याचं!

मी यायच्याकडं पाह्यलं. तोंड पांढरं फटक. मले त्याच क्षणी समजलं की यायले समजलं. चोर सोडून संन्याशाले फाशी चाललं होतं, आणि चोर पाटावर बसला होता.

मंग हे बोलले. अगदी बोलले नाई असं मी म्हणणार नाई. म्हणाले, "तिले नका बोलू. चूक... चूक माहीही असन."

बस, एवढंच! "माहीही असन."

आणि गाव काय म्हणालं? "वा जवाईबुवा! केवढं मोठं मन! दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घेऊन राह्यले!" नितेशनं तर डोळे पुसले. एकानं नारळ आणला, एकानं दुपट्टा आणला, यायच्या खांद्यावर टाकला. आणि केशरबाईनं, अरे देवा, केशरबाईनं वाकून यायच्या पायाले हात लावला. माह्या आईच्या वयाची बाई! हे बसूनच राह्यले.   मी जागच्या जागी मरून गेल्यावाणी झाली. उठून ओरडावं वाटलं, पण माहेरात, चारचौघात, नवऱ्याले उघडं पाडाचं? तेही नाई झालं माह्यानं. चावी नितेशनं घेतली. खोली दिवाळीपर्यंत खाली कराचं ठरलं.

एसटीत यायच्या मांडीवर तो नारळ. मी म्हटलं, "खिडकीतून फेका तो."

"मैना, मी सांगतलं ना त्याईले. त्याईनंच ऐकलं नाई."

"सांगतलं? चूक माहीही असन, याले सांगणं म्हणतात? पाहुण्यानं पोट भरलं म्हणावं तसं म्हटलं तुमी! लोक आग्रहच करणार ना?"

हे अमरावती येईपर्यंत नारळ हातात फिरवत राह्यले.

मंग दिवस गेले ते काय सांगू. दुकानात जात, पण सेट उघडेनात. एका माणसाचा अ‍ॅम्प्लिफायर आला, यायनं कान लावला आणि तसाच बाजूले ठेवला. घरी ताटावर बसत, भाकर मोडत, आणि तशीच ठेवून उठत. मले दया येत होती आणि रागही येत होता. दया येते म्हणून भाकर गरम करून द्याची, राग येते म्हणून ताट आपटून द्याची, असं चाललं होतं.

एक दिवस हे स्वतःच म्हणाले, "मले माहीत होतं मैना. तार कुठं जोडाची ते. कंटाळा केला. सेट खोलाचा कंटाळा. आणि कोन्या पुस्तकानं मले शिकवावं, हे सहन होईना. नेलपॉलिश लावली आणि काम झालं म्हणून घरी आलो." एवढं म्हणून रडाले लागले. इतक्या वर्षांत मी या माणसाले रडताना पाह्यलं नव्हतं. सासरे गेले तवाही नाई.

"मले कायले सांगता?" मी म्हटलं. "मी काय खोली खाली करून राहिली तुमच्यापायी? केशरबाईचं गाठोडं बांधून झालं असन. रडाचं तर तिथं जाऊन रडा."

"ते ऐकत नाईत. जवाई म्हणतात, हात जोडतात."

"मंग तोंडानं नका सांगू. तुमाले जे येते त्यानं सांगा."

तवा त्याईच्या डोक्यात आलं. तार डागाचं सामान पिशवीत घातलं आणि निघाले. मीही निघाली. पदर डोक्यावर घेतला, कारण गावात शिरताना मले तोंड दाखवाची लाज वाटत होती.

मंदिरात गेल्या-गेल्या नितेश पाट घेऊन आला. हे पाटावर बसले नाईत, फरशीवर बसले. म्हणाले, "नितेशराव, गाव बोलवा. केशरमावशीले बोलवा. आणि वर चौकीवर एक माणूस धाडा, त्याले म्हणा घंटाभरानं तरंगा हातानं उचल आणि सोड, उचल आणि सोड, मी नाई म्हणेपर्यंत." मले वाटलं आता नितेश काहीतरी विचारन, पण यायचा चेहरा पाहून त्यानं काही विचारलं नाई.

लोक जमले. केशरबाई दारातच बसली, आत आली नाई. यायनं बटण ठिपक्यावर ठेवलं. थोड्या वेळानं चिरचिर झाली आणि भोंगा वाजला. मंग यायनं आपल्या हातानं बटण बंद केलं. सेटवरचा लाल दिवा लुकलुकला, म्हणजे वरून निरोप आला. भोंगा मुका. पुन्हा लुकलुकला. मुका.

"असंच झालं त्या दिवशी," एक जण म्हणाला. "म्हणूनच तर म्हटलं, हिनं बटण..."

"थांबा," हे म्हणाले.

सेट खोलला. सगळ्याईच्या समोर स्पीकरवरची तार काढली आणि आत पट्टीवर, बटणाच्या आधी, डागली. बाया तिकडं चुलीवर चहा ठेवून राह्यल्या होत्या. चहाले उकळी येईपर्यंत यायनं झाकणही लावलं. बटण बंदच होतं. हात वर करून दाखवला की मी हात लावत नाई.

दिवा लुकलुकला. भोंगा असा वाजला की एक लहान पोट्टी रडाले लागली.

यायनं तो बंद केला.  कोनाले समजाले जास्त वेळ लागला नाई, खेड्यातले लोक काही भैताड नसतात.

"हे पहिल्याच दिवशी कराचं होतं," हे म्हणाले. या वेळी शब्द पूर्ण होते. "मले माहीत होतं. चिपवाल्यानं सांगतलं होतं. मी केलं नाई. आळस केला आणि माज केला. केशरमावशीनं बटण बंद केलं ते काही चुकलं नाई. मीच तिले म्हटलं होतं, मशीन ऐकते. मी बहिरं मशीन देल्लं तिले. बुधाजीचं हाड मी मोडलं. त्या दिवशी तुमी मले दुपट्टा देल्ला, तो मी घेतला. लाज वाटाले पाहिजे होती, वाटलीही, तरी घेतला."

आता कोनी वा जवाईबुवा म्हटलं नाई. नितेशनं मान खाली घातली. मागून एकजण हळूच म्हणाला, "हट लेका!" आणि उठून गेला. मले तो शब्द कानफटात बसल्यावाणी लागला, पण मनातून वाटलं, बरोबर हाय.

नितेशनं खिशातून चावी काढली आणि दाराशी जाऊन केशरबाईच्या हातात देल्ली. "मावशी, आमचं चुकलं," म्हणाला.

केशरबाईनं चावी पदराले बांधली. यायच्याकडं पाह्यलं. मंग विचारलं, "बापू, एवढंच काम होतं काय ते?"

"हो."

"चहा होते तेवढं?"

"हो मावशी."

ती काही रागावली नाई. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मंग मले कायले सांगता? चला बुधाजीकडं." आणि पुढं चालाले लागली.

आमी तिच्या मागं. दुपारची वेळ, ओट्याओट्यावर लोक. जवाई गावातून पायी, मान खाली घालून, आणि बायको मागून. कोनी रामराम केला नाई. बुधाजी नुकताच दवाखान्यातून आला होता, बाजेवर पडला होता, पाय पट्टीत. केशरबाईले दारात पाह्यलं तसा त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलत नव्हता. तिनं दिवाळीपर्यंत खोली खाली करावी म्हणून सगळ्यात जास्त भांडली ती त्याच्या घरची माणसं.

हे बाजेपाशी खाली बसले आणि सगळं सांगतलं. पुन्हा तेच, काही न चोरता. तार, पुस्तक, नेलपॉलिश, दुपट्टा. बकऱ्याईचं मी भरून देईन असंही म्हणाले. बुधाजीनं ते ऐकलं की नाई कोन जाणे. तो भिंतीकडंच पाहून होता. बोलणं संपलं तसा हळूहळू त्यानं तोंड इकडं केलं, पण पाह्यलं ते केशरबाईकडं.

"बाई," तो म्हणाला, "मी तुले रांड म्हटलं. तू तांदळाचं गाठोडं पाठवलं ते मी कुत्र्यापुढं टाकलं." आणि तो मोठा गडी, पोरासारखा रडाले लागला. केशरबाई त्याच्या उशाशी बसली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तीही रडली.

आमच्याकडं त्या दोघाईनं पाह्यलंच नाई. शिव्या देल्ल्या नाईत, निघा म्हटलं नाई, बसाही म्हटलं नाई. आमी थोडा वेळ उभे राह्यलो, मंग आपणच बाहेर आलो.

संध्याकाळची एसटी धरली. मी यायच्या शेजारी बसली. मन हलकं झालं, असं लोक सांगतात, तसं काही झालं नाई. लाज होतीच. पण इतके दिवस ती केशरबाईच्या खोलीत राहत होती, आता ती आमच्यासंग अमरावतीले येऊन राहिली होती.